चिल्ल्यात दारावर आलेली आशाताई

गेल्या पावसाळ्यात धाकटी भाभी बाळंत होऊन घरी आली. तिसऱ्या दिवशी दुपारी दारात आशाताई उभी. खांद्याला पिशवी, पिशवीत वजनकाटा आणि थर्मामीटर. अम्मींनी आतून मला खूण केली. चिल्ला सुरू आहे, बाहेरच्या बाईची नजर बाळावर नको. मी बीएड झालेली, वर्गात मुलांना विज्ञान शिकवते. तरी त्या दिवशी "सगळं ठीक आहे ताई" म्हणून मीच तिला दारातून परत पाठवले.

सातव्या दिवशी ती पुन्हा आली. रात्रीपासून बाळ दूध ओढत नव्हते आणि घरात मिरच्या उतरवून झाल्या होत्या. या वेळी मी तिला आत घेतले. तिने काखेत थर्मामीटर लावला, अंगावरचे कापड बाजूला केले, घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजले आणि म्हणाली, "आत्ता निघा." चंद्रपूरला आठ दिवस राहावे लागले. अल्हम्दुलिल्लाह, बाळ आज रांगते आहे.

आम्ही परत पाठवूनही ती पुन्हा का आली, हे मी नंतर विचारले. तिने बोटांवर मोजून दाखवले: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. बाळंतपण घरी झाले असेल तर पहिल्या दिवसाची एक भेट जास्त. आपला चिल्ला चाळीस दिवसांचा, तिच्या भेटी बेचाळीस दिवसांच्या. आपल्या बुजुर्ग बायकांनी नाजूक मानलेला काळ आणि डॉक्टरांनी मानलेला काळ जवळजवळ एकच आहे. फक्त त्या काळात आपण दार लावून घेतो.

या भेटींचे मूळ दूर कुठे नाही, शेजारच्या गडचिरोलीत आहे. 1982 साली आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातूनच तो जिल्हा वेगळा झाला. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकून आलेले डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग 1986 मध्ये तिथे गेले आणि 'सर्च' ही संस्था सुरू केली. मला महत्त्वाचे वाटते ते त्यांनी काय आधी केले आणि काय नंतर. आधी त्यांनी लोकांना विचारले. दवाखाना कसा हवा, हेही आदिवासींना विचारले आणि मोठ्या इमारतीऐवजी झोपड्यांसारखा दवाखाना बांधला. त्याला नाव दिले लोकांच्याच दंतेश्वरी देवीचे.

डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या स्त्रियांची तपासणी केली. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 1989 मध्ये तो अभ्यास छापून आला. शंभरातल्या 92 स्त्रियांना अंगावरचे पांढरे, जंतुसंसर्ग, पाळीचे त्रास असा कुठला ना कुठला स्त्रीरोग होता. त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या शंभरात फक्त 8. हे आकडे खेड्यातले आहेत, पण भगिनींनो, आपल्या मोहल्ल्यात बायकांना असे मोकळेपणी विचारले तर काय ऐकू येईल, याची मला धास्ती वाटते. आपल्याकडे शरमेपोटी बाई सासूलाही सांगत नाही, मग डॉक्टरला काय सांगणार?

पुढचे काम तान्ह्या बाळांचे. निमोनिया ओळखायचा तर श्वास मोजायला हवेत, आणि गावातल्या सुईणीला मोठे आकडे मोजता येत नसत. त्यासाठी वाळूचे घड्याळ आणि मण्यांचे एक साधे साधन तयार झाले. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यापाशी पोचलात तर धोका. तस्बीह ओढणाऱ्या आपल्या नानी-दादींना हे एका दिवसात जमले असते. मग गावातल्याच स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून शिकवले: बाळ उबदार ठेवणे, वजन करणे, अंगावर पाजायला मदत करणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे. 39 गावांत हे चालले. तिथे हजार जन्मांमागे 62 बाळे पहिल्या महिन्यातच जात होती. तिसऱ्या वर्षी तो आकडा सुमारे 25 वर आला. ज्या गावांत हे काम नव्हते, तिथे तो साठीच्या आसपासच राहिला. 1999 मध्ये हेही 'लॅन्सेट'मध्ये आले आणि 2011 पासून देशभरातल्या आशांच्या कामात या घरभेटी आल्या.

आपल्या बल्लारपुरात दवाखान्याचा विषय निघाला की आपण इमारत, मशीन आणि मोठा डॉक्टर मागतो. मागावेच, पेपर मिल आणि कोळसा खाणींच्या या गावाला त्यांची गरज आहे. पण आशाताई वेळेवर येते का, तिच्या पिशवीतला काटा चालतो का, तिचे मानधन वेळेवर मिळते का, हे वॉर्डाच्या बैठकीत कोणी विचारल्याचे मी ऐकले नाही. मीही विचारले नव्हते.

बेचाळिसाव्या दिवशी ती शेवटची आली. बाळाचे वजन झाले. मग तिने भाभीकडे वळून विचारले, "आणि तुझं कसं आहे?" भाभी गप्प. अम्मी उठल्या, चहाचे निमित्त करून बाहेर गेल्या आणि जाताना त्यांनी दार ओढून घेतले. पहिल्या बाळंतपणापासून, म्हणजे चार वर्षे, भाभीच्या ओटीपोटात दुखत होते. एका घरात राहून मला ते ठाऊक नव्हते. पुढच्या मंगळवारी शाळेतून रजा घेऊन मी तिला दवाखान्यात घेऊन गेले.