विश्वनागरिकत्व : बाजू आणि हरकती

इमॅन्युएल कांट (१७९५) : परक्या भूमीवर आलेल्याला शत्रूसारखं वागवू नये. हा त्याचा हक्क आहे, यजमानाचे उपकार नव्हेत.

पीटर सिंगर (१९७२) : पूर्व बंगालच्या निर्वासितांची उपासमार पाहून मांडलेला युक्तिवाद : मदत शक्य असेल, तर अंतरामुळे कर्तव्य कमी होत नाही.

हाना आरेंट (१९५१) : नाझी राजवटीने नागरिकत्व काढून घेतल्यावर १९३७ ते १९५१ त्या कोणत्याच देशाच्या नागरिक नव्हत्या. त्यांचा आक्षेप : देश गेला, की 'मानवी हक्क' मिळवून देणारं कुणी उरत नाही.

डेव्हिड मिलर (१९९५) : एकमेकांचा भार उचलायला लागणारा विश्वास सामायिक राष्ट्रीयत्वातून येतो.

सीमेवर अडकलेल्या माणसासाठी आरेंट यांचा आक्षेप आजही सर्वांत तातडीचा आहे.