नालेसफाई शंभर टक्के, पण कशाच्या?

मे महिना संपत आला की मुंबईत एक आकडा रोज चढत जातो: नालेसफाई 62 टक्के, 78 टक्के, 91 टक्के. 31 मे ही ठरलेली मुदत. त्या सुमारास शंभरी गाठल्याची घोषणा होते, आणि एखाद्या वर्षी आकडा शंभराच्याही पुढे जातो. शंभराहून जास्त स्वच्छ झालेला नाला कसा असतो, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्यात लबाडी असेलच असे नाही. टक्केवारीच्या अपूर्णांकात छेदाला काय ठेवले आहे, तेवढे बघावे लागते.

छेदाला नाला नसतो, गाळाचे वजन असते. वर्षभरात किती गाळ काढावा लागेल याचा अंदाज बांधून महापालिका त्याचे तीन हिस्से करते. पूर्वी पावसाळ्याआधी 70 टक्के, पावसाळ्यात 15 आणि नंतर 15 अशी वाटणी होती. पुढे ती 75-15-10 झाली आणि 2025 मध्ये 80-10-10. म्हणजे मेअखेरचे ‘100 टक्के’ हे वर्षाच्या अंदाजाचे 75 किंवा 80 टक्के असतात. ठरलेल्या टनांपेक्षा जास्त उपसले की आकडा 103 होतो. नाल्याच्या तळाशी किती गाळ उरला, हे त्यातून कळत नाही.

हे टन किती असतात? अलीकडच्या वर्षांत पावसाळापूर्व लक्ष्य 9 ते 10 लाख मेट्रिक टनांच्या घरात राहिले आहे. एका डंपरमध्ये 10 टन धरले तर 10 लाख टनांना 1 लाख खेपा लागतात. एप्रिल आणि मे हे दोनच महिने धरले तर रोज सोळाशेहून अधिक. प्रत्येक खेप वजनकाट्यावर चढते आणि कंत्राटदाराचे बिल त्या काट्यावर ठरते. इथेच पद्धतीची मेख आहे. ओला गाळ सुकलेल्या गाळापेक्षा जड, आणि बांधकामाचा राडारोडा मिसळला की वजन आणखी वाढते. म्हणून गाळ आधी नाल्याकाठी टाकून पाणी निथळू द्यायचे आणि मग उचलायचा, असा दंडक आहे. काठावरच्या वस्तीला ती दुर्गंधी सोसावी लागते, ते वेगळेच.

पैसा वजनावर मिळू लागला की वजन तयार करण्याच्या वाटाही सापडतात. मिठी नदीच्या गाळउपशात सुमारे 65 कोटी रुपयांचे नुकसान झाल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मे 2025 मध्ये 13 जणांवर गुन्हा नोंदवला. त्याच वर्षी गाळ काढण्याच्या चित्रफिती कृत्रिम बुद्धिमत्तेकडून तपासून घेण्याची पद्धत महापालिकेने आणली. पाळत कडक झाली, हे चांगलेच. पण पाळत आहे ती टनांवरच.

पाण्याला टनांशी देणेघेणे नाही, त्याला जागा हवी. रुंद, उघड्या नाल्याची वहनक्षमता पाण्याच्या खोलीच्या प्रमाणात नाही, त्याहून वेगाने घटते. 3 मीटर खोल नाल्यात अर्धा मीटर गाळ राहिला तर खोली गेली सहावा हिस्सा, पण वाहून जाणारे पाणी घटते सुमारे 26 टक्क्यांनी. शिवाय नाल्याची ताकद त्याच्या सरासरीवर ठरत नाही. रस्त्याखालची किंवा रेल्वेरुळांखालची एक मोरी तुंबलेली असेल, तर मागचा दोन किलोमीटर नाला आरशासारखा लख्ख असून उपयोग नाही. विभागवार टक्केवारी छापण्यापेक्षा प्रत्येक मोरीपाशी तळाची पातळी सफाईआधी किती होती आणि नंतर किती झाली, एवढे दोन आकडे छापले तरी पुष्कळ काही कळेल.

पावसाळ्याआधीची बाकीची कामे मोजायला सोपी असतात. फांद्या छाटल्या की नाही, सिग्नल चालतो की नाही, मॅनहोलवर झाकण आहे की नाही. तिथे टक्केवारीला तसा अर्थ नाही. हजारात एक झाकण उघडे असले तरी माणूस जातो. 29 ऑगस्ट 2017 रोजी सांताक्रूझला दिवसभरात 331 मिलिमीटर पाऊस पडला आणि साचलेल्या पाण्यातून घरी निघालेले एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून दगावले. झाकणाखाली संरक्षक जाळ्या बसवण्याच्या कामाला वेग आला तो त्यानंतर.

मुदतीचेही तसेच. मुंबईत मोसमी पावसाची सर्वसाधारण तारीख 11 जून. म्हणून 31 मे. 2025 मध्ये पाऊस 26 मे रोजीच दाखल झाला. 1950 पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधी आला नव्हता. मुदत संपायला पाच दिवस असताना वरळीतले नवेकोरे भुयारी मेट्रो स्थानक पाण्याने भरले.

आता समजा, सगळे नाले खरोखरच तळापर्यंत साफ झाले. ब्रिटिशकालीन पर्जन्यजलवाहिन्या ताशी 25 मिलिमीटर पावसासाठी आखल्या होत्या, तेही ओहोटी आहे आणि निम्मे पाणी जमिनीत मुरते असे धरून. एका चौरस किलोमीटरवर ताशी 25 मिलिमीटर म्हणजे अडीच कोटी लिटर. त्यातले सव्वा कोटी वाहिनीत. ब्रिमस्टोवॅड या मुंबईच्या पर्जन्यजल निचरा प्रकल्पाच्या 1993 च्या आराखड्याने पाऊस ताशी 50 मिलिमीटर धरला, आणि काँक्रीटच्या शहरात मुरणारे पाणी शून्य. म्हणजे तेवढ्याच जमिनीवरून ताशी पाच कोटी लिटर, जुन्या हिशेबाच्या चौपट. आराखड्याला खरी गती मिळाली ती 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर कोसळल्यावर. त्याच दिवशी कुलाब्यात शंभरही भरला नव्हता.

हे पाणी समुद्रात सोडणारी पातमुखे 186. त्यातली 45 सरासरी समुद्रपातळीच्याही खाली आहेत, 135 त्या पातळीच्या वर पण भरतीच्या पातळीखाली. भरतीच्या वेळीही पाणी आपोआप सोडू शकतील अशी फक्त 6. उधाणात मुसळधार पाऊस आला की पातमुखांचे दरवाजे बंद करून पाणी पंपाने बाहेर फेकावे लागते. उदंचन केंद्रांतला एक मोठा पंप सेकंदाला 6,000 लिटर फेकतो, म्हणजे तासाला 2 कोटी 16 लाख. नव्या हिशेबाने एका चौरस किलोमीटरला असे दोनाहून जास्त पंप लागतात. आराखड्यात आठ उदंचन केंद्रे होती. हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लिव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध ही सहा उभी राहिली, त्यातले गझदरबंध 2019 मध्ये सुरू झाले. मोगरा आणि माहुल ही उरलेली दोन जागेच्या वादांत वर्षानुवर्षे अडकून पडली, आणि त्यांच्या वाट्याचे पाणी मेअखेरच्या टक्केवारीत कुठेच मोजले जात नाही.