गव्हाण का थांबते? संरक्षक स्विच आणि त्याची तार



हंगामात गव्हाण मध्येच थांबली की वजनकाट्यापर्यंत गाड्यांची रांग लागते, आणि "कसला तो सेन्सर, डायरेक्ट करून टाका" असे शब्द कानी येतात. बोलणाऱ्यांत जाणती मंडळीही असतात, म्हणून हा खुलासा.

गव्हाणीच्या कडेने दोरी बांधलेली असते. ती ओढली की गव्हाण बंद पडते. गुंतलेला ऊस मोकळा करताना कामगाराचा पाय घसरला, तर त्याच्या हाती तेवढेच साधन. ती दोरी ओढली आणि काहीच झाले नाही तर? हे टाळण्यासाठी तिच्या स्विचची जोडणी उलटी करतात. सगळे ठीक असताना तारेतून प्रवाह वाहत असतो. दोरी ओढली की तो तुटतो. त्यामुळे उंदराने तार कुरतडली किंवा फ्यूज उडाला, तरी गव्हाण थांबतेच.

आपल्या विहिरीवरच्या स्टार्टरचे तांबडे बटण असेच जोडलेले असते. नो-व्होल्ट कॉइलचा प्रवाह त्या बटणातून जातो. वीज जाऊन परत आली तरी मोटार आपोआप सुरू होत नाही. (स्टार्टरला 'ऑटो' बसवून आपणच हे संरक्षण काढून टाकतो, ते वेगळे!) गव्हाणीचेही तसेच. स्विच जागेवर आला म्हणून ती सुरू होता कामा नये. आधी माणसाने पाहायचे, रीसेट करायचे, मग बटण दाबायचे.

मध्यंतरी कामानिमित्त नव्या मुंबईत जाणे झाले. सारसोळ्याला आपल्याच एका सभासदाचे चिरंजीव राहतात. ते कंट्रोल पॅनेलचे वायरिंग करतात. त्यांच्याकडून दोन गोष्टी नीट उमगल्या.

पहिली व्होल्टेजची. सेन्सरना बहुधा 24 व्होल्ट डी.सी. देतात, आणि पुष्कळ सेन्सर 19 व्होल्टच्या खाली भरवशाचे राहत नाहीत. पॅनेलपासून 150 मीटरवर अर्धा चौरस मिलिमीटरची तार नेली, तर जाऊन-येऊन 300 मीटरचा रोध सुमारे 11 ओहम होतो. सगळे सेन्सर मिळून अर्धा अँपिअर घेत असतील तर साडेपाच व्होल्ट वाटेतच जातात, शेवटी उरतात साडेअठरा! लाइनच्या टोकाला ज्यांची मोटार आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. तीच तार दीड चौरस मिलिमीटरची घातली की घट दोन व्होल्टच्या आत येते. म्हणजे विनाकारण थांबणाऱ्या गव्हाणीचा इलाज जाड तार हा आहे, डायरेक्ट करणे नव्हे.

दुसरी अर्थिंगची. शून्य व्होल्टची बाजू अर्थ करून रिलेच्या कॉइलचे एक टोक तिलाच जोडतात, आणि स्विच अधिक बाजूला ठेवतात. मग स्विचची तार घासून गव्हाणीच्या लोखंडाला लागली तर फ्यूज उडतो, यंत्र थांबते. स्विच चुकून शून्य बाजूला घातला असेल, तर तीच घासलेली तार लोखंडातून वाट काढून कॉइल धरून ठेवते. दोरी ओढा नाहीतर तोडा, गव्हाण चालूच!

जास्त धोक्याच्या जागी दोन स्वतंत्र तारा नेतात, कारण एका स्विचचे संपर्क चिकटून बसू शकतात.

डायरेक्ट करणारा माणूस पाळी संपवून घरी जातो. पुढच्या पाळीतल्या कामगाराला त्याचा पत्ता नसतो, आणि दोरी तो ओढणार असतो.

बंद काळात प्रत्येक दोरी ओढून, प्रत्येक तार एकेकदा सोडवून तपासावी लागते. ज्यांना हे प्रत्यक्ष पाहायचे असेल त्यांनी मोळी टाकण्यापूर्वी इलेक्ट्रिक खात्यात अवश्य यावे.