डिझेल पिकअपमधील लिफ्ट पंपाची सुधारणा : एक तांत्रिक विवेचन

डिझेल वाहनात टाकीतील इंधन इंजेक्शन पंपापर्यंत पोहोचविण्याचे कार्य लिफ्ट पंप करतो. अमेरिकेतील डॉज रॅम पिकअपच्या १९९८ च्या मध्यापासून २००२ पर्यंतच्या ५.९ लिटर कमिन्स इंजिनात हा विद्युत पंप इंजिनावरच बसविलेला होता. टाकी दूर असल्याने त्यास इंधन लांबून ओढावे लागे. वस्तुतः अशा पंपाची क्षमता ओढण्यापेक्षा ढकलण्यात अधिक असते.

या इंजिनातील बॉश व्हीपी ४४ इंजेक्शन पंपाचे वंगण व शीतन इंधनावरच अवलंबून असते. जादा इंधन उष्णता घेऊन टाकीत परतते. लिफ्ट पंप क्षीण झाल्यास हा प्रवाह घटतो. तथापि व्हीपी ४४ मधील अंतर्गत पंप स्वतः इंधन ओढत राहिल्याने इंजिन चालूच राहते. परिणामी दोष चालकाच्या लक्षात येत नाही आणि अखेरीस महागडा इंजेक्शन पंप निकामी होतो.

म्हणूनच सुधारणेत अधिक क्षमतेचा पंप टाकीजवळ चौकटीवर बसविणे, रुंद नळ्या वापरणे व दाबमापक जोडणे या तिन्ही गोष्टी आवश्यक ठरतात. भार असतानाही दाब प्रति चौरस इंच सुमारे १० पौंडांखाली जाऊ नये, असा व्यवहारातील संकेत आहे. दाबमापकाविना केलेली सुधारणा अपुरीच म्हणावी लागेल. कारण नवा पंपही कालांतराने क्षीण होतोच.