गोळी आरपार गेली, शिसे मात्र राहिले

अमेरिकेतील कॅलिफोर्निया आणि ॲरिझोना या राज्यांत, शिकाऱ्यांनी शिशाची काडतुसे सोडून तांब्याची वापरावीत की नाही, हा वाद दोन दशकांहून अधिक काळ चालला आहे. आणि त्यातला जो युक्तिवाद सर्वांत सोपा व सर्वांत पोकळ, तोच आजही सर्वांत अधिक ऐकू येतो. “गोळी हरणाच्या बरगड्यांतून आरपार गेली आणि पलीकडच्या मातीत रुतली, मग सावजाच्या अंगात शिसे राहिले कोठे?” असा हा सवाल. तो करणारा बहुधा मुरलेला शिकारी असतो, जखमेची दोन्ही तोंडे त्याने स्वतः पाहिलेली असतात, आणि जे डोळ्यांना दिसले त्यावर त्याची श्रद्धा इतकी दृढ असते की जे दिसले नाही त्याची चौकशी करण्याचे प्रयोजनच त्याला वाटत नाही.

वस्तुस्थिती अशी की शिकारीची रूढ रायफलची गोळी म्हणजे बाहेर तांब्याचे पातळ कवच आणि आत मऊ शिशाचा गाभा. सावजाच्या अंगात शिरताच तिने फुलावे आणि रुंद, प्राणघातक जखम करावी, याच हेतूने ती घडविलेली असते. परंतु ध्वनीच्या दुपटीहून अधिक वेगाने हाडामांसावर आदळणारे शिसे नुसते फुलत नाही, त्याचा चुराही होतो. संशोधक ग्रेंजर हंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी, परवानाधारक शिकाऱ्यांनी मारलेल्या ३८ हरणांच्या अवशेषांची क्ष-किरणांनी तपासणी करून तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध केले. हरणाचे अंग शिकारी घरी नेतो आणि कोथळा जागेवरच टाकतो. अशा कोथळ्यांच्या २० ढिगांपैकी १८ ढिगांत शिशाचे कण निघाले, त्यांतील कित्येकांत शंभराहून अधिक. याउलट तांब्याच्या गोळ्यांनी पडलेल्या चार अखंड हरणांत मिळून अवघे सहा कण मोजता आले. गोळी आरपार गेली हे खरे. पण जी बाहेर पडली ती सबंध नव्हती. हा पुरावा छापून इतकी वर्षे लोटल्यावरही तोच सवाल त्याच आत्मविश्वासाने पुन्हा दाखल व्हावा, याला अज्ञान म्हणावे की हट्ट, हे ठरविणे कठीण आहे.

त्या कोथळ्यावर कॅलिफोर्निया काँडोर उतरतो. हा गिधाडासारखा मृतभक्षक पक्षी १९८२ साली जगात केवळ २२ उरला होता. १९८७ साली रानातला शेवटचा काँडोरही पकडून पिंजऱ्यात आणावा लागला, आणि १९९२ पासून पिंजऱ्यांत वाढविलेले पक्षी पुन्हा मोकळे सोडण्यात येऊ लागले. “धातुरूप शिसे तसेच बाहेर पडते” असे सांगणाऱ्यांना या पक्ष्याच्या जठरातील तीव्र आम्लाचा विसर पडतो. त्या आम्लात कण विरघळतो, शिसे रक्तात उतरते, अन्नमार्गाचे स्नायू लुळे पडतात, आणि गळ्याखालची अन्नाची पिशवी भरलेली असतानाच पक्षी उपाशी मरतो.

आता किरकोळ गैरसमज. “शिसे जुन्या रंगातून किंवा पेट्रोलमधून येते”: शिशाच्या समस्थानिकांचे प्रमाण त्याच्या उगमाची साक्ष देते, आणि २००६ च्याच दुसऱ्या एका संशोधनात काँडोरच्या रक्तातील प्रमाण काडतुसांतील शिशाशी जुळले. “जखमेभोवतीचे मांस कापून टाकले की माणसाला धोका नाही”: हंट यांनीच २००९ साली ३० हरणांच्या खिम्याची पाकिटे तपासली, तेव्हा २४ हरणांच्या पाकिटांत धातूचे कण आढळले. “तांब्याने सावज पडत नाही”: पडते, मात्र तांबे हलके असल्याने त्याच वजनाची गोळी लांब होते, सबब थोडी हलकी गोळी निवडून रायफलचा नेम नव्याने बसवावा लागतो. “हे शिकारच बंद पाडण्याचे कारस्थान आहे”: ॲरिझोनात २००५ पासून बिनशिशाची काडतुसे फुकट वाटणारे खाते शिकारीचे परवाने देणारेच आहे, आणि तेथील बहुसंख्य शिकारी कोणत्याही सक्तीवाचून त्या योजनेत सामील झाले.

तक्रारी मात्र सगळ्याच खोट्या नाहीत. तांब्याची काडतुसे पुष्कळदा महाग पडतात, पॉइंट बावीसच्या लहान रायफलींसाठी ती मिळविताना दुकाने धुंडाळावी लागतात, आणि पातळ नळीच्या जुन्या बंदुकींना पोलादी छर्रे सोसत नाहीत. त्यांच्यासाठी बिस्मथचे महागडे छर्रे घ्यावे लागतात. या अडचणींची तजवीज करणे हे सरकारचे व कारखानदारांचे कर्तव्य आहे, आणि वाद घालायचाच तर तो या मुद्द्यांवर घालावा.

राहता राहिला शेवटचा गैरसमज, जो सुज्ञ लोकांतही आढळतो: बहुतेक शिकारी सुधारले, म्हणजे पुरे झाले. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून राज्यभर शिकारीत शिसे निषिद्ध केले, तरी त्यानंतरही काँडोर शिशाने मरतच आहेत. कारण २०१२ साली मायरा फिंकेलस्टाइन व सहकाऱ्यांनी गणिताने दाखविले आहे: अर्धा टक्का मृत जनावरांत जरी शिसे असले, तरी दहा वर्षांत प्रत्येक मुक्त काँडोर त्याच्या तडाख्यात सापडण्याची संभाव्यता ८५ ते ९८ टक्के, आणि एका प्रेतावर अनेक पक्षी जेवतात. भारतीय वाचकाला हे नवे वाटू नये. आपल्याकडची गिधाडे शिशाने नव्हे, तर गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकने संपली, आणि तेथेही विषारी प्रेतांचे प्रमाण शेकडा एकाहून कमी असले तरी सर्वनाशाला ते पुरेसे होते, असाच हिशेब निघाला. म्हणूनच २००६ साली ते औषध जनावरांसाठी सरसकट बंद करावे लागले. मृतभक्षक पक्ष्यांच्या बाबतीत बहुमताला किंमत नसते. शंभरांतले नव्याण्णव शिकारी तांब्याकडे वळले, तरी काँडोरचे आयुष्य उरलेल्या एकाच्या हाती राहते.