पोपटीचें आमंत्रण



चार माणसें घरीं जेवावयास बोलवावयाचीं म्हटलें, कीं मध्यम स्थितींतील गृहस्थाच्या डोळ्यांपुढें प्रथम पाहुण्यांचीं तोंडें येत नाहींत, वाण्याची यादी येते. हें कबूल करण्यास मला संकोच वाटत नाहीं. छत्तीस वर्षें शाळामास्तरकी करून आतां निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या माणसास ती यादी तोंडपाठ असते. परंतु यजमानाच्या या अडचणीहून पाहुण्याची अडचण मोठी असते, आणि ती कोणी बोलून दाखवीत नाहीं. माझ्या एका जुन्या सहकाऱ्यांनीं निवृत्तीनंतर आमच्याकडे येणें हळूहळू बंद केलें. वाद नाहीं, रुसवा नाहीं. वाटेंत भेटले तर हंसून बोलत, पण उंबऱ्याच्या आंत पाऊल टाकीत नसत. कारण पुष्कळ दिवसांनीं कळलें. आमच्या मुलीच्या लग्नानंतर आम्हीं त्यांस सहकुटुंब श्रीखंड-पुरीचें जेवण दिलें होतें. त्या वर्षीं त्यांच्या घरांत दीर्घ आजार होता. तसें जेवण उलट देणें त्यांस शक्य नव्हतें, आणि तें न देतां पुन्हां आमच्या पाटावर बसणें त्यांच्या मनास पटत नव्हतें. त्यांस मीं परत कसें आणलें, तें सांगावयाचें तर पोपटीविषयीं सांगावें लागेल.

आमचें हमरापूर पेण तालुक्यांत, पनवेल-रोहा लोहमार्गावर आहे. गणेशमूर्तींच्या कारखान्यांमुळें गांवाचें नांव दूरवर गेलें आहे. परंतु पौष-माघांत येथें ज्या गोष्टीची वाट पाहतात ती मूर्तिशाळेंत नसून शेतांत असते. भात कापून झाल्यावर जमिनींत जी ओल उरते, तिच्यावर आमच्याकडे वाल पेरतात. त्यास पाट नको, मोट नको; ती ओल आणि रात्रीचें दंव यांवर तो वाढतो, आणि द्विदल जातीचा असल्यामुळें भातानें शिणलेल्या जमिनीस कांहीं परतहि देतो. थंडी भरांत आली, कीं त्याच्या शेंगा दाण्यांनीं फुगतात. याच वेळीं बांधांवर व पडीक जागीं भांबुर्डा नांवाची उग्र वासाची रानटी वनस्पति माजलेली असते. एरव्हीं तिला कोणी विचारीत नाहीं. गुरेंहि तोंड लावीत नाहींत. शेंगा, भांबुर्डा आणि मातीचें मडकें हीं तीन एकत्र आलीं म्हणजे पोपटी झाली. रायगड जिल्ह्यांत, म्हणजे 1981 पूर्वींच्या कुलाब्यांत, पोपटी ठाऊक नाहीं असें गांव विरळा.

कृति सोपी आहे, पण सोप्या कृतींतच हयगय होते. मडक्याच्या तळाशीं भांबुर्ड्याचा जाड थर द्यावा. शेंगा धुवून, न मोडतां, अख्ख्याच घ्याव्या. कीड लागलेली तेवढी वेगळी काढावी. त्यांस जाडें मीठ व ओवा चोळावा. त्यांच्या थरांमध्यें बटाटे, रताळीं, कांदे व लहान वांगीं चिरा देऊन बसवावीं. शेवटीं मडक्याचें तोंड भांबुर्ड्यानें गच्च दाबून बंद करावें. पाणी घालावयाचें नाहीं, तेलाचा थेंबहि नाहीं. मग उथळ खड्ड्यांत तें मडकें पालथें घालून भोंवतीं व वर पेंढा, पालापाचोळा, गोवऱ्या आणि नारळाचीं सोडणें रचावीं व पेटवावें.

पाण्यावांचून शिजतें कसें, असें शहरांतील मंडळी हटकून विचारतात. पाणी असतेंच, तें ओल्या शेंगांत, कंदांत आणि पाल्यांत असतें. आंच लागतांच त्याची वाफ होते. वाफ हवेहून हलकी, म्हणून ती वर चढते. आणि पालथ्या मडक्याचा वरचा भाग म्हणजे त्याचें अखंड बूड, तेथून तिला वाट नाहीं. खालीं तोंडाशीं दाबलेला पाला बुचाचें काम करतो. अशा रीतीनें सर्व जिन्नस स्वतःच्याच वाफेंत शिजतात, आणि त्या वाफेंत भांबुर्ड्याचा वास उतरतो. पाला मात्र खावयाचा नसतो. एका पाहुण्यांनीं तो भाजी समजून चावला होता, म्हणून सांगतों.

हें शास्त्र मला फजितीनंतर समजलें. पहिल्या वेळीं मीं भांबुर्ड्याची काटकसर केली. मडक्याचें तोंड सैल राहिलें, वाफ निघून गेली, वरच्या शेंगा करपल्या आणि बटाटे कच्चे राहिले. जमलेल्या मंडळीस त्या रात्रीं पिठलें-भातावर भागवावें लागलें. तेव्हांपासून पाला लागेल असें वाटतें त्याच्या दुप्पट आणतों. तो फुकटच असतो.

पोपटी झाली कीं नाहीं हें पाहण्यास मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडतात. ते चर्र करून तत्काळ उडाले, तर झाली असें मानतात. माझ्यांतील मास्तर येथें थोडा मतभेद नोंदवितो. थेंब उडणें ही मडक्याच्या बाहेरच्या अंगाची परीक्षा झाली, आंतील बटाट्याची नव्हे. म्हणून जाळ चांगला लागल्यापासून अर्ध्या तासाच्या आंत थेंबांवर विश्वास ठेवूं नये. मडकें मोठें असेल तर पाऊण तास थांबावें.

आतां आमंत्रणाकडे वळूं. पोपटीस बोलावतांना जेवावयास या असें म्हणूं नये. मीं त्या सहकाऱ्यांस चिठ्ठी पाठविली ती अशी: "शनिवारीं सायंकाळीं सहा वाजतां आमच्या परसांत पोपटी लावीत आहों. शेंगा आमच्या. आपण वहिनींसह यावें, अंगावर उबदार कांहीं असावें, आणि येतांना भारा भरून भांबुर्डा आणावा. माझी कंबर आतां बांधावर वांकत नाहीं." कंबरेचें तें खरेंच होतें. ते आले, भारा माझ्या अपेक्षेच्या तिप्पट होता. ज्यानें पाला आणला, तो मडकें भरावयास आपण होऊन बसतो, जाळ कोणीकडून लावावा यावर वाद घालतो, आणि खाण्याची वेळ येईपर्यंत आपण पाहुणे आहों हें विसरून गेलेला असतो. म्हणून प्रत्येकास एकेक काम आधींच सांगून ठेवावें. कोणी गोवऱ्या आणाव्या, कोणी केळीचीं पानें. मुलांस चिटक्यापिटक्या गोळा करावयास लावावें, म्हणजे तीं विस्तवापासून जरा दूरहि राहतात.

एक गोष्ट चिठ्ठींतच विचारून घ्यावी. पोपटींत पुष्कळ लोक अंडीं घालतात. कोंबडीचे तुकडे आलें, लसूण, हळद, तिखट व लिंबू लावून केळीच्या पानांत बांधून मध्यभागीं ठेवतात. तें चविष्ट होतें हें नाकारीत नाहीं. परंतु पाहुण्यांत कोणी शाकाहारी असेल, तर त्यांच्यासाठीं दुसरें लहान मडकें लावावें. एकाच वाफेंत सर्व शिजत असल्यानें बाजूचें तेवढें वेंचून खा, असें त्यांस सांगणें हा त्यांचा अपमान आहे.

खर्चाचा हिशेब गेल्या पौषांतील माझ्या वहींतून देतों. माणसें बारा. शेंगा चार किलो, बटाटे दोन किलो, रताळीं एक किलो, थोडे कांदे, बारा अंडीं, मीठ-ओवा, आणि दोन्ही मडकीं धरून एकूण 936 रुपये झाले, माणशीं 78. त्यांतील निम्म्याहून अधिक पैसा शेंगांचा होता. हंगामाच्या तोंडीं शेंगा महाग असतात. मकरसंक्रांत उलटूं द्यावी. सोबत दुसरा पदार्थ करूं नये. घरांतील मंडळींस तें पटत नाहीं. निदान कोशिंबीर तरी, असा आग्रह होतो. एक कोशिंबीर झाली, कीं तिच्या मागोमाग पोळ्या येतात, पोळ्यांमागें भाजी येते, आणि घरच्या बायका चुलीपाशीं अडकून पडतात. पोपटीच्या रात्रीं त्यांनींहि शेकोटीशीं बसावयाचें असतें.

घाटावर हुरड्याची अशीच बैठक असते. दक्षिण गुजराथेंत वलसाडच्या बाजूस उंबाडियूं करतात, तें तर पोपटीचें सख्खें भावंड. तेथेंहि मडकें पालथेंच. न्यूझीलंडमधील माओरी लोक तापलेल्या दगडांवर अन्न ठेवून वरून माती लोटतात व त्यास हांगी म्हणतात. अलीकडे हुरड्याप्रमाणें पोपटीचेंहि तिकीट निघूं लागलें आहे. शेतकऱ्यास त्यांतून दोन पैसे मिळत असतील तर माझी तक्रार नाहीं. मात्र तिकीट काढून जाणें आणि कोणी बोलाविलें म्हणून जाणें यांत फरक आहे.

मुंबई-पुण्याच्या घरांत हें कसें करावें? गच्चीवर किंवा इमारतीच्या आवारांत विस्तव पेटवूं नये. तो धोक्याचा, आणि धूर शेजाऱ्यांच्या घरांत जातो. जाड बुडाच्या पातेल्यांत पाल्याचे तसेच थर देऊन, घट्ट झांकण ठेवून, मंद गॅसवर शेंगा वाफवतां येतात. येथें मडकें पालथें नसल्यानें बूड लागूं नये म्हणून तळाशीं पाण्याचा एक हबका मारावा. भांबुर्डा न मिळाल्यास ओव्याचीं पानें घ्यावीं. धुराची चव येणार नाहीं, हें पाहुण्यांस आधींच सांगून टाकावें. त्याहून बरें म्हणजे गांवाकडे कोणी आप्त असेल, तर शेंगांचे पैसे आधीं देऊन दोन कुटुंबांनीं मिळून तिकडे जावें.

मात्र हें फार लांबणीवर टाकूं नये. आमच्या बाजूस महामार्गालगतच्या शेतांत मातीचे भराव पडत आहेत. ज्या बांधावरून मीं लहानपणीं भांबुर्डा आणला, तेथें आतां कुंपण आहे, आणि भराव पडलेल्या जागीं वाल होत नाहीं. गेल्या वर्षीं शेंगा मला दोन गांवें पलीकडून आणाव्या लागल्या.

माझे सहकारी त्या शनिवारीं रात्रीं साडेदहापर्यंत बसले. निघतांना त्यांनीं राखेंतून मडकें उचलून, तें तडकलें आहे कीं काय, हें कंदिलाशीं धरून पाहिलें. तडकलें होतें. पुढच्या खेपेस मडकें मीं आणीन, पेणच्या कुंभाराकडचें, असें म्हणून ते फाटकाबाहेर पडले. आणि पंधरा दिवसांनीं खरोखरच एक नव्हे, दोन मडकीं घेऊन आले.