दारातली कळलावी

आमच्या कुंपणावर श्रावणात एक वेल फुलते. फूल कळीतून उमलतं तेव्हा हिरवट, मग पिवळं, नंतर शेंदरी आणि सरतेशेवटी लालभडक. सहा पाकळ्या कडेला झालर लावल्यासारख्या दुमडलेल्या आणि मागे वळलेल्या. वाऱ्यावर हललं की जाळ पेटल्यासारखं दिसतं, म्हणून संस्कृतात तिचं नाव अग्निशिखा. मराठीत मात्र आपण तिला कळलावी म्हणतो.

शेजारच्या वहिनी पहिल्याच वर्षी म्हणाल्या, "भाई, ही वेल दारात नको हो. घरात भांडणं लावते." मी म्हटलं, "वहिनी, भांडणाला आमच्या घरात वेलीची गरज पडत नाही!" त्या हसल्या, पण त्यांचं म्हणणं त्यांच्या एकटीचं नव्हतं. संस्कृतातही हिला कलिकारी, म्हणजे कलह करणारी, असं नाव आहे. दुसरा अर्थ सुईणींकडचा. अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून हिच्या कंदाचा लेप पोटावर देत, म्हणून ती कळ लावणारी. हा उपाय जिवावर बेतणारा आहे, तो कुणीही करू नये.

गंमत अशी की, जिला दारात उभं करायचं नाही, तिलाच कोकणात 'गौरीचे हात' म्हणून मानानं घरात आणतात. शब्दाशी खेळणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला यातून एवढंच दिसतं, की भांडण नावात आहे, वेलीत नाही.

वेलीत आहे ते विष. ते मात्र अगदी खरं आहे.

त्याचं नाव कोल्चिसिन. कंद, बी, पान, फूल, सगळ्यांत ते असतं. कंदात आणि बियांत विशेष. कंद रताळ्यासारखा किंवा करांद्यासारखा समजून शिजवून खाल्ल्यानं माणसं दगावली आहेत. खाल्ल्यावर काही तासांत उलट्या, जुलाब, पोटात आग सुरू होते. कधीकधी मध्ये बरं वाटतं आणि त्यानंतर शरीर आतून ढासळू लागतं. म्हणून 'उलट्या थांबल्या, आता ठीक आहे' असं म्हणून घरी बसू नये. वेलीचा तुकडा सोबत घेऊन तडक दवाखाना गाठावा.

हेच कोल्चिसिन मोजक्या मात्रेत गाऊटच्या दुखण्यावर औषध आहे. पेशीचं विभाजन ते रोखतं, म्हणूनच मारतं. आणि याच गुणाचा उपयोग करून शास्त्रज्ञ रोपांमधली गुणसूत्रं दुप्पट करतात. बिनबियांच्या कलिंगडामागे हीच युक्ती आहे. तामिळनाडूत शेतकरी बियांसाठी कळलावीची शेती करतात. तिथलं ते राज्यफूलही आहे.

लावायची असेल तर कंद रानातून उपटू नका. औषधासाठी झालेल्या उपशानं ती रानात आधीच कमी होते आहे. रोपवाटिकेतून आणा. कंदाचा आकार नांगरासारखा, म्हणून ती लांगली. टोकाला कोंब असतो, तो मोडला तर कंद वाया जातो. पावसाच्या तोंडावर निचऱ्याच्या मातीत दोन-तीन इंच खोल आडवा ठेवावा. पानाची टोकंच वळून आधार धरतात, तेव्हा जाळी किंवा काटक्यांचं कुंपण पुरतं. दिवाळीनंतर वेल वाळते, मग पाणी बंद. कंद खाली झोपलेला असतो.

पथ्यं चार. रताळी, सुरण लावता त्या वाफ्यात ही कधीच नको. कंद हाताळताना हातमोजे घालावेत आणि नंतर हात धुवावेत. शेंगा तडकण्याआधी तोडाव्यात, कारण आतले लाल-केशरी दाणे पोरांना खाऊ वाटतात. आणि काढलेला पाला गुराढोरांच्या वाटेवर टाकू नये.

अगदी लहान मूल घरात असेल, तर मी स्पष्ट सांगेन, काही वर्षं थांबा. फूल रानात जाऊन बघा. मोठ्या मुलांना मात्र वेलीपाशी उभं करून तिचं नाव आणि तिचं विष, दोन्ही सांगा. वेल उपटून टाकली की आपल्या अंगणातला धोका जातो. पण रानात, बांधावर ती भेटणारच. तिथे पोराला वाचवेल ती ओळख. भांडणाच्या भीतीनं ज्यांनी तिच्याकडे कधी नीट पाहिलंच नाही, त्यांना रताळं कुठलं आणि कळलावी कुठली, हे कसं कळणार?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)